खिखोनचे प्रेक्षक

खेळाचा इतिहास बहुधा खेळणाऱ्यांचा लिहिला जातो. कोणी किती गोल केले, कोणत्या मिनिटाला केले, पंच कोण होते, बदली खेळाडू कोण आले, हे सारे नोंदले जाते. पाहणाऱ्यांचा मात्र उपस्थितीचा एक आकडा तेवढा मागे उरतो. रंगभूमीच्या इतिहासाबाबत आपला अनुभव फारसा वेगळा नाही. संगीत नाटकांतील पदांना मिळालेल्या 'वन्स मोअर'च्या आख्यायिका आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण तो 'वन्स मोअर' देणारा माणूस कोण होता, तो कशावर भाळला आणि कशावर बिथरला, हे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. त्यामुळे प्रेक्षकांची प्रतिक्रिया हीच इतिहासातील मुख्य घटना होऊन बसते असे जे मोजके प्रसंग आहेत, ते कलाव्यवहाराच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगे ठरतात. १९८२ मध्ये स्पेनमध्ये झालेल्या फुटबॉल विश्वचषकाची पहिली साखळी फेरी, आणि तिच्यातील २५ जूनचा पश्चिम जर्मनी–ऑस्ट्रिया सामना, हा असा एक प्रसंग आहे.

ती साखळी फेरी एकूणच विलक्षण रंगली. विश्वचषकात प्रथमच २४ संघ खेळत होते. चार-चार संघांचे सहा गट, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक आणि गटातील पहिले दोन संघ पुढे, अशी रचना होती. संघ वाढवल्यामुळे दुबळ्या देशांची भरती होईल आणि स्पर्धेचा कस उतरेल, अशी कुरकूर आधीपासून होती. १५ जूनला हंगेरीने एल साल्वादोरचा १०–१ असा धुव्वा उडवला तेव्हा त्या कुरकुरीला आधारही मिळाला. पण बाकीच्या घटना उलट दिशेने जाणाऱ्या होत्या. १३ जूनला उद्घाटनाच्या सामन्यात बेल्जियमने गतविजेत्या अर्जेंटिनाला १–० असे हरवले (दुसऱ्याच दिवशी फॉकलंड बेटांवरील अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली, त्या देशातील चाहत्यांसाठी तो आठवडा कसा गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी). कॅमेरून तीन सामन्यांत एकदाही हरले नाही. २५ जूनच्या रात्री वॅलेन्सियात दहा खेळाडूंनिशी उरलेल्या उत्तर आयर्लंडने यजमान स्पेनला १–० असे नमवले.

आणखी एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण पुढच्या विवेचनात त्याची आठवण ठेवावी लागेल. २१ जूनला वायादोलिद येथे फ्रान्स आणि कुवेत यांचा सामना सुरू असताना प्रेक्षकांतून एक शिट्टी वाजली. ती पंचांचीच समजून कुवेतचे खेळाडू थांबले आणि तेवढ्यात फ्रान्सच्या जिरेसने गोल केला. पंचांनी तो ग्राह्य धरला. तेव्हा कुवेतच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख असलेले राजपुत्र फहद प्रेक्षागारातून उठून थेट मैदानात उतरले, वाद झाला, आणि पंचांनी आपला निर्णय फिरवून गोल रद्द केला. फ्रान्सने तो सामना ४–१ असा जिंकलाच, त्यामुळे या प्रकाराकडे गंमत म्हणून पाहिले जाते. मैदानाबाहेरून आत पोहोचलेला एक आवाज सामन्याचा निकाल बदलू शकतो, हे मात्र त्याने दाखवून दिले होते. अर्थात तो आवाज कोणाचा, यावरही बरेच काही अवलंबून असते.

दुसऱ्या गटात पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, चिली आणि अल्जेरिया हे संघ होते. सामने स्पेनच्या उत्तरेकडील आस्तुरियास प्रांतात, खिखोन आणि ओव्हिएदो या दोन शहरांत होणार होते. पश्चिम जर्मनी युरोपचा विजेता होता, तर अल्जेरिया विश्वचषकात प्रथमच उतरत होता. सामन्यापूर्वी जर्मन गोटातून झालेली वक्तव्ये पुढे अनेकांनी सांगितली आहेत. हरलो तर पहिल्या गाडीने घरी जाऊ, अशा आशयाचे प्रशिक्षक युप डेरवाल यांचे उद्गार त्यांतले सर्वांत गाजलेले. त्या वक्तव्यांत मीठमसाला किती, हे आज ठरवणे कठीण आहे. पण अल्जेरियाच्या खेळाडूंनी ती तेव्हाच ऐकली होती आणि पुढे आयुष्यभर लक्षात ठेवली, एवढे त्यांच्या मुलाखतींवरून दिसते.

साहित्याच्या विद्यार्थ्याची अल्जेरियाशी ओळख बहुधा आल्बेर काम्यूमुळे होते. काम्यू अल्जिअर्सच्या विद्यापीठ संघाकडून गोलरक्षक म्हणून खेळत असे आणि १९३० मध्ये क्षयाची बाधा झाल्यामुळे त्याचा खेळ सुटला, हा तपशील आपल्या वर्गांतून हौसेने सांगितला जातो. पण त्याच्या १९४२ च्या 'ल'एत्रांजे' या कादंबरीत समुद्रकिनाऱ्यावर मारल्या जाणाऱ्या अरबाला नाव नाही, याकडे आपले लक्ष उशिरा जाते. कामेल दाऊद या अल्जेरियन कादंबरीकाराने २०१३ मध्ये त्या मृताला नाव देणारी आणि त्याच्या भावाच्या तोंडून कथा सांगणारी कादंबरी लिहिली, तेव्हा ही उणीव जगभर चर्चेत आली. फुटबॉलमध्ये मात्र नावांचा हा प्रश्न बराच आधी उपस्थित झाला होता. एप्रिल १९५८ मध्ये, अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, फ्रान्सच्या बड्या क्लबांकडून खेळणारे काही अल्जेरियन खेळाडू गुपचूप फ्रान्स सोडून ट्युनिसला गेले आणि त्यांनी राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा फुटबॉल संघ उभारला. सेंट एतियेनचा रशीद मखलूफी आणि मोनाकोचा मुस्तफा झितूनी हे त्यांतले ठळक. दोघेही त्याच वर्षीच्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात निवडले जाण्याच्या उंबरठ्यावर होते. फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. अस्तित्वात नसलेल्या देशाचा हा संघ गावोगाव खेळत राहिला. देश ५ जुलै १९६२ रोजी स्वतंत्र झाला. १९८२ मध्ये खिखोनला आलेल्या अल्जेरियाच्या संघाच्या प्रशिक्षकांत महीउद्दीन खालेफ यांच्या बरोबरीने हेच मखलूफी होते, आणि स्वातंत्र्याचा विसावा वर्धापनदिन तीन आठवड्यांवर आला होता.

१६ जूनला एल मोलिनोन स्टेडियमवर ५४व्या मिनिटाला मादजेरने गोल केला. ६७व्या मिनिटाला रुमेनिगेने बरोबरी साधली. येथून पुढे सामना नेहमीच्या वाटेने जाईल, असे पाहणाऱ्या सर्वांना वाटले असणार. पण खेळ पुन्हा सुरू होताच अल्जेरियाने चेंडू स्वतःकडेच ठेवत, एकाकडून दुसऱ्याकडे देत थेट जर्मन गोलपर्यंत नेला आणि बेल्लूमीने ६८व्या मिनिटाला तो आत ढकलला. त्या हालचालीत एकाही जर्मन खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला नाही. अल्जेरिया २–१. विश्वचषकात आफ्रिकी संघाने युरोपीय संघाला हरवण्याची ही पहिलीच वेळ. अल्जिअर्सचे रस्ते त्या रात्री माणसांनी फुलून गेले. खिखोनच्या प्रेक्षकांनीही अल्जेरियाला आपले मानले. याला एक जुना, काहीसा अस्वस्थ करणारा संदर्भ आहे. आस्तुरियास हा खाणकामगारांचा प्रदेश. ऑक्टोबर १९३४ मध्ये तेथील कामगारांचा उठाव मोडून काढण्यासाठी स्पेनच्या सरकारने आफ्रिकेतील फौजा, त्यांत मोरोक्कन सैनिक, आणल्या होत्या. उत्तर आफ्रिकेचा माणूस म्हणजे जुलमाचे हत्यार, अशी स्मृती जेथे दोन पिढ्या जपली गेली असेल, तेथल्या लोकांनी १९८२ च्या जूनमध्ये 'अल्जेरिया, अल्जेरिया' असा घोष करावा, याचे नवल वाटते. फ्रँकोच्या मृत्यूला तेव्हा साडेसहा वर्षे झाली होती, लष्करी बंडाचा प्रयत्न फसून जेमतेम सोळा महिने. बलवान कोण आणि दुबळा कोण, हे ओळखण्याची त्या प्रेक्षकांची दृष्टी ताजी होती, असे म्हणण्यास जागा आहे.

पुढचे काही सामने वेगाने सांगता येतील. ऑस्ट्रियाने चिलीला १–० आणि अल्जेरियाला २–० असे हरवले. पश्चिम जर्मनीने चिलीवर ४–१ असा विजय मिळवला. २४ जूनला ओव्हिएदोला अल्जेरियाने चिलीविरुद्ध मध्यंतरापर्यंतच ३–० अशी आघाडी घेतली. पण उत्तरार्धात चिलीने दोन गोल फेडले आणि सामना ३–२ असा संपला. त्या वेळी ते दोन गोल कोणाच्या फारसे मनावर आले नसतील. गणित मात्र त्यांनीच फिरवले. सामना ३–० असाच संपता तर अल्जेरियाचा गोलफरक अधिक दोन झाला असता, आणि दुसऱ्या दिवशी खिखोनला जे घडले ते घडूनही तो पुढे गेला असता. आता गोलफरक शून्य होता. अल्जेरियाचे चार गुण, ऑस्ट्रियाचे चार, पश्चिम जर्मनीचे दोन, आणि एकच सामना उरलेला: पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. तो बरोबरीत सुटला किंवा ऑस्ट्रियाने जिंकला तर जर्मनी घरी. जर्मनीने तीन किंवा अधिक गोलांच्या फरकाने जिंकला तर ऑस्ट्रियाच्या जागी अल्जेरिया जाण्याची दाट शक्यता. जर्मनीने एका किंवा दोन गोलांनी जिंकला, तरच दोन्ही शेजारी पुढे जाणार आणि अल्जेरिया बाहेर. हे गणित मांडायला दोघांच्याही हाताशी एक अख्खा दिवस होता.

असे काही घडू शकते, हे फिफाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. चारच वर्षांपूर्वी, २१ जून १९७८ रोजी, अर्जेंटिनाने पेरूविरुद्ध मैदानात पाऊल ठेवले तेव्हा ब्राझीलचा सामना आटोपला होता आणि आपल्याला किमान चार गोलांच्या फरकाने जिंकावे लागेल, हे यजमानांना माहीत होते. त्यांनी ६–० असा विजय मिळवला. योगायोग असा, की त्याच दिवशी अर्जेंटिनातच, कोर्दोबा येथे, ऑस्ट्रियाने पश्चिम जर्मनीला ३–२ असे हरवले होते. स्वतःला अंतिम फेरीची कसलीही आशा नसताना ऑस्ट्रियाने जर्मनीला स्पर्धेबाहेर काढले होते. हान्स क्रांकलचा विजयी गोल झाला तेव्हा ऑस्ट्रियन आकाशवाणीवरून एडी फिंगर या समालोचकाने, आता मला वेड लागणार, अशा अर्थाची जी आरोळी ठोकली ती त्या देशाच्या लोकस्मृतीचा भाग झाली आहे. म्हणजे २५ जून १९८२ रोजी खिखोनला जमलेल्या प्रेक्षकांच्या मनात दोन पूर्वकथा होत्या: एक नऊ दिवसांपूर्वीची, दुसरी चार वर्षांपूर्वीची. दोन्ही कथांचा उत्तरार्ध पाहायला ४१ हजार माणसे आली होती.

दहाव्या मिनिटाला लिटबार्स्कीने डावीकडून दिलेल्या चेंडूवर होर्स्ट ह्रुबेशने गोल केला. त्यानंतर काही काळ खेळात थोडी धुगधुगी होती. मध्यंतरानंतर तीही विझली. ज्याच्याकडे चेंडू असेल त्याने तो शेजाऱ्याला द्यावा, त्याने मागे द्यावा, तेथून तो गोलरक्षकाकडे जावा, आणि समोरच्या संघाने हे अदबीने पाहत उभे राहावे, असे चालले. (सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर तेव्हा बंदी नव्हती, ती १९९२ मध्ये आली.) हे चित्रीकरण आजही सहज पाहायला मिळते. ते पाहताना लवकरच लक्ष चेंडूवरून उडते आणि आवाजाकडे जाते. प्रारंभी शिट्ट्या. मग 'बाहेर, बाहेर' असा स्पॅनिश घोष. मग 'आता एकमेकांची चुंबनेही घ्या' अशी सामुदायिक टवाळी. अल्जेरियाचे समर्थक कुंपणाशी आले, त्यांनी खिशांतून नोटा काढल्या आणि त्या खेळाडूंच्या दिशेने फडकवल्या. काहींनी मैदानात शिरण्याचा प्रयत्न केला. एका जर्मन प्रेक्षकाने आपल्याच देशाचा ध्वज जाळल्याचेही नोंदले गेले आहे. आणि उरलेल्या स्टेडियमभर पांढरे रुमाल हलत होते. या रुमालांचा अर्थ समजून घ्यायला हवा. स्पेनमधील बैलझुंजीच्या रिंगणात प्रेक्षक पांढरा रुमाल हलवतात तो झुंज उत्तम झाली आणि झुंजणाऱ्याला मानचिन्ह द्यावे, असे सुचवण्यासाठी. फुटबॉलच्या मैदानात मात्र त्याच रुमालाचा अर्थ निषेध असा होतो.

येथे भरताची आठवण होणे अपरिहार्य आहे. रससूत्र शिकवताना आपण नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायापाशी इतके रेंगाळतो की सत्ताविसाव्या अध्यायापर्यंत पोहोचायला सत्र पुरत नाही. प्रयोगाची सिद्धी कशावरून ओळखावी, हा त्या अध्यायाचा विषय. दैवी आणि मानुषी असे सिद्धीचे दोन प्रकार सांगून भरत मानुषी सिद्धीची वाचिक आणि शारीर लक्षणे देतो: स्मित, हास्य, 'साधु'सारखे उद्गार, अंगावर उभा राहणारा रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे अर्पण करणे. म्हणजे प्रेक्षकाचा आवाज आणि प्रेक्षकाचे शरीर हे प्रयोगाच्या मूल्यमापनाचे साधन म्हणून शास्त्रात नोंदले गेले आहे. पुढे प्रयोगात येणाऱ्या घातांचेही वर्गीकरण आहे. काही घात दैवाने होतात. काही परसमुत्थ, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी आरडाओरडा करून किंवा शेण-ढेकळे फेकून घडवलेले. आणि काही आत्मसमुत्थ, म्हणजे प्रयोग करणाऱ्यांच्याच दोषांतून उद्भवलेले. खिखोनच्या सामन्याचे वेगळेपण या चौकटीत नेमके दिसते. बाहेरून पाहता गोंगाट प्रेक्षक करत होते. पण प्रयोगाचा घात आत्मसमुत्थ होता. प्रेक्षक तो घात फक्त ओरडून जाहीर करत होते. नाटक बिघडले म्हणून हुर्यो करणारे प्रेक्षक आणि नाटक होतच नाही म्हणून हुर्यो करणारे प्रेक्षक यांत फरक केला पाहिजे, आणि खिखोनचे प्रेक्षक दुसऱ्या वर्गातले होते.

समालोचकांची प्रतिक्रियाही याच जातीची. जर्मन दूरचित्रवाणीवरील एबरहार्ड श्टान्येक यांनी काही काळ समालोचन करायचेच नाकारले. ऑस्ट्रियन दूरचित्रवाणीवरील रॉबर्ट झेगर यांनी तर प्रेक्षकांना आपले संच बंद करण्यास सुचवले. ज्या देशाच्या एका समालोचकाची १९७८ मधील आरोळी अजून कानांत होती, त्याच देशाच्या दुसऱ्या समालोचकाने चार वर्षांनी सांगावे की पाहू नका, यापेक्षा बोलका अभिप्राय कोणत्याही समीक्षकाने दिल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. खिखोनच्या 'एल कोमेर्सिओ' या वृत्तपत्राने सामन्याचा वृत्तान्त गुन्हेवार्तांच्या पानावर छापला. पुढच्या फेरीतील संभाव्य प्रतिस्पर्धी म्हणून सामना पाहायला आलेल्या फ्रान्सच्या प्रशिक्षकांनी, मिशेल इदाल्गो यांनी, दोन्ही संघांना शांततेचे नोबेल पारितोषिक द्यावे असा टोमणा मारल्याचे सांगतात. खेळाडू हॉटेलवर परतले तेव्हा खाली जमलेल्या संतप्त चाहत्यांवर वरून पाण्याचे फुगे फेकले गेले, असेही वाचायला मिळते. ऑस्ट्रियाच्या पथकप्रमुखांनी वाळवंटातल्या लोकांना हिणवणारे उद्गार काढले. त्यांची पुनरुक्ती येथे नको. पण या प्रकरणाला वसाहतवादाचा दर्प कसा चिकटला, हे समजण्यासाठी त्यांचा उल्लेख टाळता येत नाही.

दोन्ही संघांत आधीच तसे ठरले होते काय? याचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. पहिली दहा मिनिटे जर्मनीने जीव तोडून आक्रमण केले, हे चित्रीकरणात स्पष्ट दिसते. आणि गोल झाल्यानंतर दोघांनाही काही बोलण्याची गरजच उरली नव्हती. कटापेक्षा मूक संमती ही गोष्ट अधिक संभवनीय वाटते, आणि माझ्या मते अधिक गंभीरही. कट केला तर तो उघडकीला येऊ शकतो, शिक्षा होऊ शकते. नियमांच्या चौकटीत राहून, कोणालाही काही न सांगता, तिसऱ्याला संपवणे हे नियम लिहिणाऱ्याला पकडता येत नाही. अल्जेरियाच्या संघटनेने रीतसर तक्रार केली. फिफाच्या समितीने ती फेटाळली, कारण नियम मोडला गेला नव्हता. एका राजपुत्राला गोल रद्द करून घेता आला. ४१ हजार माणसांना एक चढाईसुद्धा घडवून आणता आली नाही.

आपल्याकडील क्रिकेटवेड्यांना याला समांतर असा प्रसंग आठवेल. ३० मे १९९९ रोजी मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ११० धावांत गुंडाळले आणि १११ धावा करण्यासाठी ४०.४ षटके घेतली. न्यूझीलंडऐवजी वेस्ट इंडीज पुढे गेल्यास 'सुपर सिक्स'मध्ये आपल्या पदरी गुण राहतील, हा हिशेब होता. प्रेक्षकांनी संथ टाळ्या वाजवून निषेध केला. तेथे निदान नियतीने विनोदबुद्धी दाखवली: न्यूझीलंडने पुढच्या सामन्यात स्कॉटलंडला झटपट हरवून आपली जागा मिळवलीच. अल्जेरियाच्या वाट्याला असा पुढचा सामना नव्हता.

तक्ता पाहिला तर काहीच दिसत नाही. पश्चिम जर्मनी चार गुण, ६–३. ऑस्ट्रिया चार गुण, ३–१. अल्जेरिया चार गुण, ५–५. चिली शून्य. अगदी शिस्तबद्ध, निर्दोष तक्ता. त्याच वेळी पहिल्या गटात इटली आणि कॅमेरून यांचे गुण समान, गोलफरकही समान, आणि इटलीने एक गोल अधिक केला म्हणून अपराजित कॅमेरून बाहेर गेले. इटली पुढे विश्वविजेता झाला. आफ्रिकेचे दोन्ही संघ त्या वर्षी अंकगणिताने परतले. परंतु कॅमेरूनचे अंकगणित आणि अल्जेरियाचे अंकगणित एकाच जातीचे नव्हते, हे तक्ता सांगत नाही. ते प्रेक्षकांच्या आवाजातच तेवढे टिकले आहे. अल्जेरियाचा बचावपटू शाबान मेरझेकान याने पुढे एका मुलाखतीत सांगितले, की आम्हांला राग आला नव्हता. दोन बड्या संघांना आम्हांला बाहेर काढण्यासाठी इतके खाली यावे लागले, हाच आमचा गौरव होता. या उद्गारात कडवटपणा मुरवून काढलेले समाधान आहे. मखलूफींच्या पिढीशी त्याचे नाते सहज लागते.

प्रेक्षक त्या दिवशी हरले, पण नियम बदलला. १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. हा बदल प्रशासकीय म्हणून नोंदला जातो. त्याने खेळ पाहण्याच्या रीतीत काय घडवले, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. आज साखळी फेरीची शेवटची रात्र म्हटले की जो थरार अभिप्रेत असतो, तो मुळात या नियमाचे अपत्य आहे. दोन कथानके एकाच वेळी चालू, प्रत्येक कथानकातील पात्रांना दुसऱ्याची अर्धवट वार्ता, आणि दर गोलागणिक दोन्हींचा अर्थ बदलणारा. कादंबरीच्या तंत्राच्या भाषेत बोलायचे तर एकेरी निवेदनाच्या जागी दुपेडी निवेदन आले. १ डिसेंबर २०२२ च्या रात्री कतारमध्ये जपान स्पेनविरुद्ध २–१ असा पुढे होता आणि दुसऱ्या मैदानावर कोस्टा रिकाने जर्मनीविरुद्ध २–१ अशी आघाडी घेतली. त्या सुमारे तीन मिनिटांत स्पेन आणि जर्मनी हे दोन माजी विश्वविजेते एकदमच स्पर्धेबाहेर होते. मग जर्मनीने बरोबरी साधली, सामना ४–२ असा जिंकलाही, पण तरी तोच बाहेर गेला आणि स्पेन वाचला. दुसऱ्या दिवशी याहून सरस दृश्य दिसले. दक्षिण कोरियाने पोर्तुगालला २–१ असे हरवले आणि खेळाडू मैदानाच्या मधोमध कोंडाळे करून एका फोनच्या पडद्यात डोकावू लागले, कारण उरुग्वे–घाना सामना अजून संपायचा होता. म्हणजे खेळाडूच प्रेक्षक झाले. आणि त्या दुसऱ्या मैदानावर ०–२ असे हरत असलेल्या घानाचे समर्थक आनंदाने नाचत होते. आपण बाहेर गेलो तरी चालेल, पण उरुग्वेला आणखी एक गोल होता कामा नये, हीच त्यांची आकांक्षा उरली होती. २०१० च्या उपांत्यपूर्व सामन्यात सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवलेला चेंडू ते बारा वर्षे विसरले नव्हते. उरुग्वेला तो गोल मिळाला नाही आणि कोरिया अधिक गोलांच्या बळावर पुढे गेला.

अर्थात एकाच वेळी सामने खेळवल्याने खिखोनचा रोग समूळ गेला, असे नाही. २२ जून २००४ रोजी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत डेन्मार्क आणि स्वीडन यांना एकत्र पुढे जाण्यासाठी २–२ किंवा त्याहून मोठी बरोबरी पुरणार होती. सामना २–२ असाच सुटला, आणि बल्गेरियाला शेवटच्या क्षणी हरवूनही इटली बाहेर गेला. तेथे खेळ मात्र चुरशीचा झाला होता, त्यामुळे इटालियन चाहत्यांचा संशय आणि अल्जेरियन चाहत्यांचा संताप यांना एका तागडीत तोलणे योग्य होणार नाही. २८ जून २०१८ रोजी व्होल्गोग्राडला जपान पोलंडविरुद्ध ०–१ असा मागे असतानाही शेवटची काही मिनिटे चेंडू नुसता फिरवत राहिला. दुसऱ्या मैदानावर सेनेगल हरत होता. जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोल सारे समान होते. जपानला पिवळी कार्डे चार आणि सेनेगलला सहा मिळाली होती, तेवढ्यावर जपान पुढे गेला. प्रेक्षागारातून पुन्हा त्याच शिट्ट्या आल्या. बाहेर गेलेला संघ पुन्हा आफ्रिकेचाच होता. जपानचा जुगार मोठा होता, कारण सेनेगलने एक गोल केला असता तर तो जपानवर उलटला असता. प्रेक्षकांना तोही रुचला नाही. जोखीम होती, पण ती जपानने दुसऱ्याच्या मैदानावर सोपवली होती.

पुढे ४८ संघांचा विश्वचषक करायचे ठरले तेव्हा फिफाने प्रथम तीन-तीन संघांच्या सोळा गटांची रचना मुक्रर केली. तीन संघांच्या गटात शेवटच्या सामन्याच्या वेळी एक संघ बाहेर बसून राहणार, हे कोणालाही कळावे. म्हणजे २४ जून १९८२ नंतरची अल्जेरियाची स्थिती ही अपवाद न राहता प्रत्येक गटाची रीतच झाली असती. टीका झाली, आणि मार्च २०२३ मध्ये फिफाने ती रचना सोडून चार-चार संघांचे बारा गट केले. त्यातही तिसऱ्या क्रमांकाच्या बारांपैकी आठ संघ पुढे जाणार असल्यामुळे, आपले सामने उशिरा खेळणाऱ्या गटांना आपल्याला नेमके काय हवे ते आधी कळण्याची सोय राहिलीच.

अल्जेरियाने साखळी फेरी ओलांडण्यासाठी २०१४ पर्यंत वाट पाहिली. २६ जूनला कुरितिबा येथे इस्लाम स्लिमानीच्या गोलाने रशियाशी १–१ बरोबरी झाली आणि पुढच्या फेरीत गाठ पडली ती जर्मनीशीच. ३० जूनला पोर्तो अलेग्रेला जर्मनी जादा वेळेत २–१ असा सुटला. सामन्याआधीचे सारे दिवस खिखोनच्याच चर्चेत गेले होते, जरी मैदानावरील बहुतेक खेळाडू १९८२ मध्ये जन्मलेही नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये २०२६ च्या विश्वचषकाची गटवारी झाली. त्यात अल्जेरिया आणि ऑस्ट्रिया अर्जेंटिना व जॉर्डनसह एकाच गटात आले, आणि त्यांचा परस्परांतील सामना गटाच्या शेवटच्या दिवसाला, अर्जेंटिना–जॉर्डन सामन्याच्या अगदी त्याच वेळी, ठेवण्यात आला.